‘विसरून जा’ म्हणणारी माणसं

घरच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली: अपघातातून वाचलेल्या माणसाला पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून बसणारा आजार. मामांचा निकाल लगेच आला. ही परदेशी खुळं आहेत, आपल्याकडे भोवती माणसं असतात, मन खंबीर राहतं. त्याखाली अंगठ्यांची रांग.

मामांचं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे 70 टक्के माणसं आयुष्यात कधीतरी भयंकर प्रसंगातून जातात, आणि त्यांतल्या 5.6 टक्क्यांनाच हा आजार होतो. आधार देणारं कोणी असलं तर धोका कमी होतो, हेही संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण ही भोवतीची माणसं करतात काय? ‘तो विषय काढू नका.’ ‘विसरून जा.’ ‘त्या रस्त्याने जाऊच नकोस.’ अहो, टाळणं हेच तर या आजाराचं लक्षण! टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आहे तिथेच राहते. उपचार बरोबर उलटा चालतो. प्रशिक्षित माणसासमोर तो प्रसंग बारकाईने सांगायचा, ‘माझंच चुकलं’ हे खरं आहे का ते तपासायचं, सोडलेल्या रस्त्यावर हळूहळू परत जायचं. मी राहतो त्या ब्रिटनमधल्या नाइस या, उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत अशा सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराच्या, साधारण 8 ते 12 बैठका सांगितल्या आहेत. आजार होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देऊ नका, हेही तिथेच आहे. ‘डॉक्टर नुसत्या गोळ्या चारतात’ म्हणणाऱ्या आत्याने हे वाचावं.

दचकला म्हणून कोणी शिक्का मारत नाही. मानसिक आजारांचे निकष देणाऱ्या डीएसएम-5 या अमेरिकी पुस्तिकेनुसार लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात, रोजच्या जगण्यात अडथळा यावा लागतो. पहिल्या दिवसांतली उडालेली झोप बहुतेकांची आपोआप परतते. भाचा परीक्षेतल्या मार्कांना ‘ट्रॉमा’ म्हणतो आणि मामा भडकतात, तेव्हा मी मनातून मामांच्या बाजूने असतो.

‘तुमच्याकडे तरी काय दिवे लावलेत?’ असं मामांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. 7 जुलै 2005 च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, फारच थोडे रुग्ण उपचाराला पाठवले; बाकीचे शोधायला वेगळी मोहीम काढावी लागली. शिवाय वेटिंग लिस्ट आहेतच. भांडणात आपल्या बाजूची भोकं कोण दाखवतं?

आणखीही एक गोष्ट लिहिली नाही. त्या बैठका मी स्वतः केल्या आहेत, मोटरवेवरच्या धडकेनंतर. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट उपचार मागायचा, सेल्फ-रेफरलचा फॉर्म मीच भरला. जीपीला ठाऊक आहे, मॅनेजरला ठाऊक आहे. एका परक्या बाईला मी काचांचा आवाजसुद्धा सांगितला. घरी एवढंच कळवलं, की गाडीला जरा लागलं. मग ग्रुपवर टक्केवारी टाकतो आणि तिकडे राहून फार शहाणा झालास, हे ऐकून घेतो.

खरं सांगितलं तर मामा मिळेल त्या विमानाने येतील. रात्रभर उशाशी बसतील, आणि पहाटे म्हणतील, तो विषय आता नको. मला ते यायला हवेत आणि हे वाक्य नको आहे. पण एवढ्या अटीवर कुठला मामा येतो?