साडेनऊ वर्षांत निम्म्या पगाराची पेन्शन? साफ खोटं

एसटीत कंडक्टर असलेल्या माझ्या भाच्याने राजीनामा लिहून ठेवलाय. साडेनऊ वर्षं भरली की देणार म्हणतो. कारण काय, तर ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेबद्दल डेपोच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘ईपीएस-95 मध्ये साडेनऊ वर्षं झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन पक्की. नोकरी सोडा, पेन्शन फंडातले पैसे काढा आणि पन्नाशीला पूर्ण पेन्शन सुरू करा.’

साडेनऊचं तेवढं खरं आहे, मान्य. योजनेच्या परिच्छेद 9 प्रमाणे सहा महिने किंवा त्याहून जास्त सर्व्हिस पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊची दहा होतात. पण दहा वर्षांनी पेन्शनचा हक्क मिळतो, निम्मा पगार नाही. रक्कम ठरते ती परिच्छेद 12 च्या हिशोबाने: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले 70. ज्यांनी जादा पगारावरच्या पेन्शनचा पर्याय दिलेला नाही, त्यांचा पगार 15,000 च्या पुढे धरतच नाहीत. म्हणजे दहा वर्षांना महिना 2,143 रुपये. भाचा आज छत्तिशीत आहे. 58 पर्यंत टिकला तर आधीची दहा धरून 32 वर्षं, वर वीस किंवा त्याहून जास्त वर्षांच्या सर्व्हिसची 2 वर्षं बोनस, आजच्याच मर्यादेने 7,286. निम्मं गाठायला सूत्रात 35 वर्षं लागतात, आणि तेही 15,000 चं निम्मं!

सगळ्यात घातक आहे ते ‘पैसेही काढा, पेन्शनही घ्या’. असं होतच नाही. दहा वर्षांच्या आत दहा-सी फॉर्म भरून पेन्शनची रक्कम उचलली, तर ती सर्व्हिस पुसली गेली. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून. दहा धरली गेली, तर ती रक्कम काढताच येत नाही. पगारातून कापलेला 12 टक्के पीएफ वेगळा, तो काढल्याने पेन्शनला धक्का लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे दोन पैसे एकत्र कालवले आणि पोरं त्यावर संसार उधळायला निघालीत.

पन्नाशीला पेन्शन मिळते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापून. त्याला पूर्ण पेन्शन कसं म्हणायचं?

ज्याला खरंच एसटी सोडून पीएफ असलेल्या दुसऱ्या नोकरीत जायचंय, त्याने जावं. फक्त पेन्शनची रक्कम न उचलता सर्व्हिस नव्या खात्यात जोडून घ्यावी किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सर्व्हिसचा दाखला, मागावं. आणि राजीनाम्याआधी पीएफच्या नोंदीतली रुजू झाल्याची तारीख तपासावी.