मेंदू बंद नव्हता हो!

"चर्चमध्ये लोक अगम्य बरळतात तेव्हा त्यांचा मेंदू बंद पडतो, विज्ञानाने सिद्ध झालंय." काल आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला हा मेसेज. अर्ध्या तासात दुसऱ्याने तोच प्रयोग 'देवाचा पुरावा' म्हणून टाकला. मूळ शोधनिबंध दोघांनीही उघडलेला नसणार, पैज लावा.

प्रयोग २००६ चा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अँड्र्यू न्यूबर्ग यांचा. बायका किती? पाच! आधी भक्तिगीतं गायची, मग 'अन्य भाषेत', म्हणजे आपोआप तोंडी येणाऱ्या त्या अगम्य शब्दांत, प्रार्थना करायची. आता अशी प्रार्थना काही मेंदूचा फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये निपचित पडून होत नाही. म्हणून सुई आधीच लावून ठेवलेली. प्रार्थना रंगात आली की शिरेतून थोडं किरणोत्सारी द्रव्य सोडायचं. मेंदूत जिथे रक्त जास्त, तिथे ते जास्त अडकून बसतं. मग फोटो नंतर निवांत काढा, दिसणार ते त्या क्षणाचंच चित्र. मला निष्कर्षापेक्षा ही युक्तीच जास्त आवडली.

दिसलं काय, तर गाण्याच्या तुलनेत कपाळामागच्या भागात रक्तप्रवाह कमी. ठरवून काही करताना कामाला लागतो तो हा भाग. ध्यान करणाऱ्या तिबेटी बौद्धांमध्ये न्यूबर्ग यांनाच नेमकं उलट दिसलं होतं, तिथे तो भाग जास्त कामात. 'बोलणं माझ्या ताब्यात नसतं' असं अन्य भाषेत प्रार्थना करणारे भाविक सांगतात, त्याच्याशी या बायकांचं चित्र जुळतं. बस्स, एवढंच. ताबा सुटला म्हणजे मेंदू बंद पडला असं नाही, आणि तो कुणी घेतला हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

त्यापेक्षा विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ च्या पुस्तकात मांडलेलं मला जास्त पटतं: अशा बोलण्यातले ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांमधलेच असतात.

हे काही फक्त अमेरिकेतलं नाही बरं का. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी धर्मजागृती झाली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या मुली अन्य भाषेत प्रार्थना करू लागल्या. न शिकलेलं इंग्रजी कुणाच्या तोंडून आलं, असंही तेव्हाचे लोक सांगत. मिशनमध्ये गोऱ्या बाया राहायच्या, इंग्रजी कानावर पडतच असणार, असं आपलं माझं मत. रमाबाईंनी मात्र या प्रकाराची टर उडवली नाही.

दौंडची गाडी केडगावला थांबली की दर वेळी एकच प्रश्न पडतो. त्या मुलींच्या अन्य भाषेत 'ळ' होता का?