निळ्या रेषेच्या आत

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या त्या गावात नगरपालिकेसमोरच्या चौकात, प्लातानच्या झाडांच्या गार सावलीत, गाड्या लावायच्या चार-पाच जागा चक्क रिकाम्या होत्या. वर फुकट! पुण्यात गाडी चालवून मुरलेल्या माणसाला अशी जागा दिसली की आनंद होत नाही, संशय येतो.

"अहो, लावा की! बघताय काय?" ही म्हणाली.

रेषा निळ्या होत्या, म्हणून बघत होतो. निळी रेषा म्हणजे पैसे नाहीत, पण घड्याळ आहे. पुठ्ठ्याची एक निळी चकती असते. गाडी लावली की तिच्यावर आल्याची वेळ आपणच फिरवून लावायची, काचेमागे ठेवायची आणि दीड तासात मुकाट निघायचं. म्हणजे आरोपीनेच पुरावा तयार करून पोलिसाला दिसेल असा मांडायचा! चकती नसली तर दंड ३५ युरो. मी मनातल्या मनात रुपये केले आणि त्या सावलीतही घाम फुटला.

चकती तंबाखूच्या दुकानात मिळते. दुकान लगेच सापडलं. बाहेर लाल शंकरपाळ्यासारखी पाटी असतेच. पण बारा वाजून गेले होते आणि फ्रान्समधलं खेडं बारा ते दोन जेवतं. हिला गाडीच्या राखणीला ठेवून मी चौकभर येरझाऱ्या घालू लागलो. पेतांक नावाच्या, गोळे फेकायच्या खेळाचे लोखंडी गोळे फडक्याने पुसत घरी निघालेल्या एका आजोबांना माझी दया आली असावी. त्यांनी मला खांबापाशी नेऊन पाटीवर बोट ठेवलं: ९ ते १२, १४ ते १९. मधले दोन तास नियमसुद्धा जेवायला जातो!

मग आम्हीही जेवलो. दोनच्या ठोक्याला चीज तसंच टाकून धावलो, चकती आणली, वेळ लावली. कॉफी यायलाच एवढा उशीर झाला की दीड तास पुरेना. चकती हळूच पुढे सरकवावी? मनाई. गाडी जरा हलवून शेजारच्या जागेत लावावी? बऱ्याच गावांच्या आदेशात त्यालाही मनाई लिहिलेली असते. तो मसुदा करणारा मूळचा सदाशिव पेठेतला असणार.

निघताना हिला झाडाला लावलेला कागद दिसला. उद्या आठवडी बाजार. सकाळी सहानंतर चौकात गाडी दिसली तर उचलून नेणार.

"बाजार आहे! येऊया ना उद्या?"

"येऊ," मी म्हणालो, "पण चालत."