आठपैकी सात शेतकरी आणि '९६.५ टक्के खात्री'

मृग तोंडावर आला की आमच्या औसा-निलंग्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बियाणं-औषधांच्या पोस्टींचा पूर येतो. यातली एक तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला तीनदा पाठवली. मजकूर असा: "८ शेतकऱ्यांनी सोयाबीनच्या अर्ध्या रानात आमचं टॉनिक फवारलं, अर्धं तसंच ठेवलं. ७ जणांचा उतारा वाढला. पी-व्हॅल्यू ०.०३५, म्हणजे टॉनिक लागू पडतं याची ९६.५ टक्के खात्री. विज्ञानानं सिद्ध!" खाली शेपूट: "दुसरं औषध चाचणीत नापास, म्हणजे ते निव्वळ पाणी."

आधी ते ०.०३५ आलं कुठून? टॉनिक म्हणजेच पाणी, असं घटकाभर धरा. संख्याशास्त्रात याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग फवारलेली बाजू जास्त पिकली काय, न फवारलेली पिकली काय, छापा-काट्याचाच खेळ. नाणं ८ वेळा उडवलं तर निकालाच्या २५६ तऱ्हा होतात. आठही छापे येण्याची तऱ्हा एक, नेमके सात येण्याच्या आठ. ९ भागिले २५६, म्हणजे ०.०३५. आकडा बरोबर आहे, अर्थ चुकला. टॉनिकात दम नसता तरी असा किंवा याहून चांगला निकाल शंभरात साडेतीन वेळा निघाला असता, एवढंच तो सांगतो. दम असण्याची शक्यता तो सांगणार कसा? सुरुवातच 'दम नाही' असं धरून केली होती. पावसानं अंगण ओलं होतं हे खरं, पण ओलं अंगण बघून पाऊसच पडला असं कुणी म्हणत नाही. सडाही टाकलेला असतो.

आता खरी गंमत. पोस्टवाल्यांनी फक्त वाढीची बाजू मोजली. आठपैकी सात ठिकाणी उतारा घटला असता तरी आपण दचकलोच असतो ना? तीही बाजू धरली की १८ भागिले २५६, म्हणजे ०.०७. रान तेच, सोयाबीन तेच, आणि 'सिद्ध' म्हणायला पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली लागते, ती रेषा हुकली. एकाच बाजूनं मोजायला हरकत नाही, पण ते फवारणीआधी ठरवायचं, मळणी झाल्यावर नाही. ती रेषाही काही काळ्या दगडावरची नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून ती सुचवली होती.

आणि अर्धं रान म्हणजे कोणतं अर्धं? आमचंच घ्या. ओढ्याकडची बाजू भारी काळी, वरची मुरमाड. ऑगस्टात पंधरा दिवस उघडीप पडली की वरचं सोयाबीन दुपारी माना टाकतं, खालचं हिरवंगार. मागे एका टॉनिकवाल्यानं आमच्याकडे डेमो घेतला, तेव्हा पाठीवर पंप घेतलेलं पोरगं सरळ खालच्या तासांत शिरलं, कारण विहीर तिकडं, पाणी आणायला जवळ. मळणीत खालचे कट्टे जास्त भरले. श्रेय टॉनिकला द्यायचं की ओढ्याला? पी-व्हॅल्यूला ओढा दिसत नाही. म्हणून तर कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांत, आपल्या परभणीतसुद्धा, कोणत्या तुकड्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या उचलल्यासारखं ठरवतात आणि तीच चाचणी अनेक तुकड्यांवर घेतात.

'उतारा वाढला' म्हणजे किती, हेही पोस्टमध्ये नाही. या मोजणीत पाच किलो वाढलेला आणि दोन क्विंटल वाढलेला सारखाच. समजा एकरी २० किलो वाढले. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभावानं १,०६६ रुपये होतात, तेही हमीभाव मिळाला तर. त्यातून औषध आणि फवाऱ्याची मजुरी वजा करा.

राहिलं ते नापास औषध. शंभरातल्या सत्तर रानांत खरोखर उतारा वाढवणारं औषध जरी आठ रानांत तपासलं, तरी किमान सात ठिकाणी वाढ दिसण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के. म्हणजे चारात तीनदा चांगलं औषधही नापासच होणार.

हे सगळं तात्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठच जणांना दिलतं का रे? का चाळीस जणांना देऊन आठ निवडले?" याचं उत्तर पोस्टमध्ये नाही. माझ्या हिशेबातही नाही, तो सगळा आठ हाच पुरा आकडा धरून केलाय.