दर 7 वर्षांनी शरीर नवं होत नाही

रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतंय : ‘दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, जुना आजार आपोआप जातो.’ हे खरं नाही. कळकळीने सांगते, हे वाचून चालू गोळ्या कुणीही बंद करू नका.

तांबड्या पेशी साधारण 120 दिवस टिकतात, आतड्याचं अस्तर आठवडाभरात बदलतं. पण मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात.

पेशी गरजेपुरतीच विभागते. परवा कालवं फोडताना वहिनीचं बोट कापलं. जखमेच्या कडेच्या पेशी आत सरकल्या, काहींनी आपला डीएनए दुप्पट केला, एकीच्या दोन झाल्या. शेजारच्या पेशी एकमेकींना टेकल्या तशी वाढ थांबली. जनुकांतल्या बिघाडाने हा लगाम सुटला, की कर्करोगाची गाठ वाढते.