ईम गावाची गोष्ट सांगायची तर पुरी सांगा

मावशीने तो मेसेज काल पुन्हा पाठवला: "इंग्लंडमधल्या ईम गावाने 1666च्या प्लेगमध्ये चर्चच्या पाद्र्याच्या एका शब्दावर स्वतःला कोंडून घेतलं. एकही माणूस पळाला नाही. 350पैकी 83च वाचले. आपल्या लोकांना जमेल का?" आता उत्तर द्यावंच लागेल.

"एकही माणूस पळाला नाही." साफ खोटं, आणि चीड याचीच येते. ऐपत असलेली काही घरं आधीच निघून गेली होती. खुद्द पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी गावबंदीपूर्वी आपली मुलं यॉर्कशायरला धाडली. त्यांना दोष नाही, कुठल्याही बापाने हेच केलं असतं. पत्नी कॅथरीन मात्र राहिली आणि ऑगस्टमध्ये वारली. तिची कबर सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आहे. बाकी मागे उरले ते बहुतेक जायला ठिकाणच नसलेले. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. तिच्या वाट्याला आलं त्याला 'शिस्त' म्हणायला जीभ कशी रेटते?

"एका शब्दावर" हेही नाही. मॉम्पेसन 1664मध्ये आलेले, नवखे. गावाचा विश्वास आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांच्यावर, ज्यांचं पद प्युरिटन (सरकारी चर्चचे नियम न मानणाऱ्या कडव्या पंथाचे) म्हणून गेलं होतं. दोघांनी मतभेद बाजूला ठेवून समजावलं, तेव्हा गाव तयार झालं.

आकडे: चर्चच्या नोंदींनुसार अडीचशेहून जास्त माणसं गेली, हे भयंकरच. पण गावची वस्ती 350 नव्हे, त्याच्या दुपटीच्या आसपास असावी, असं आता मानतात. आणि ही बलिदानाची गाथा पुढच्या दोन शतकांत कशी रचली गेली, ते इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी 2006च्या लेखात सविस्तर दाखवलंय. तो वाचा.

एक गोष्ट मान्य करतो. गावबंदी खरंच झाली. चर्च बंद ठेवून प्रार्थना ककलेट डेल्फच्या उघड्या घळीत, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहून व्हायची. पण गाव थांबलं, कारण धान्य हद्दीपर्यंत येत होतं. जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यात राहणाऱ्या डेव्हनशायरच्या अर्लने, म्हणजे तिथल्या उमरावाने, मदत पाठवली, शेजारचे लोक हद्दीच्या दगडापाशी सामान ठेवत आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलून नेत.

"आपल्या लोकांना जमेल का" हे 2020मध्ये मुंबई-पुण्याहून पायी निघालेल्या मजुरांना विचारताय ना? मग त्यांच्या दाराशी धान्य कोणी पोचवलं होतं, तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.