‘शाळा’: पडद्यावरची आणि पुस्तकातली शिरोडकर

रविवारी भाचीबरोबर ‘शाळा’ पुन्हा पाहिला. सुजय डहाकेचा. संपल्यावर ती म्हणाली, “कसला क्यूट आहे गं मावशी!” आणि मला उगाचच राग आला. तिचा नाही, त्या ‘क्यूट’चा.

सिनेमा वाईट नाहीच. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, अविनाश देशपांडेंना आधारित पटकथेचंही मिळालं, आणि ते योग्यच होतं. मुलं खरंच नववीतली वाटतात, आपल्याकडे हेही कमी नाही. ‘दुनियादारी’वाल्यांनी कादंबरीचं जे केलं (त्यावर मी बोलत नाही, बीपी वाढतं) तसलं काही इथे नाही.

पण मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) वाचताना आपण तीनशे पानं मुकुंद जोशीच्या डोक्यात बसलेलो असतो. शिरोडकर, म्हणजे त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, आपल्याला दिसते ती फक्त त्याला दिसते तेवढीच. तिने मागे वळून पाहिलं. आपल्याकडे पाहिलं, की मागच्या बाकावरच्या कुणाकडे? हसली. आपल्याला, की मैत्रिणीला? ही ‘लाइन’ आहे का? मग त्याच्यावर खल, स्वतःशीच वकिली. पोरगा हुशार आहे, तर्क लावतो, मास्तरांची मनातल्या मनात टिंगल करतो, आणि या एका प्रश्नापाशी त्याचं गणित दरवेळी चुकतं. माझ्यासाठी कादंबरी म्हणजे हा संशय.

सिनेमात कॅमेरा शिरोडकरच्या चेहऱ्यावर जातो. केतकी माटेगावकर हसते, इतकं गोड, की संशयाला जागाच उरत नाही. आम्हाला कळलं, मुकुंदालाच काय ते कळायचं राहिलंय! एका क्लोजअपमध्ये पन्नास पानं खलास.

एक मात्र कबूल करते. पडद्यावर ती पहिल्यांदा माणूस झाली. पुस्तकात ती बरीचशी त्याची कल्पनाच असते. इथे तिलाही काहीतरी वाटतंय हे दिसतं. हे कादंबरीला जमलं नसतं.

दुसरी तक्रार त्या उजेडाची. सगळं कसं मऊ, सोनेरी, आठवणीतल्यासारखं. पण पुस्तकातल्या मुकुंदाला कुठे माहितीय की हे पुढे आठवायचं आहे? तिथे कुणी चाळिशीतला गृहस्थ उसासे टाकत मागे वळून बघत नाही. नववी आत्ता चालू आहे. आणीबाणीसुद्धा त्याच्यापर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्याने येते. सिनेमा बघताना आपण आपल्या शाळेसाठी रडतो. मीही रडले, दोन्ही वेळा. मुकुंदासाठी रडले ते पुस्तकात, शिरोडकर गाव सोडून गेल्यावर तो एकटा दहावीत जातो तेव्हा.

तर, भाचीला पुस्तक दिलं. “स्टोरी माहितीये की,” म्हणून तोंड वाकडं करत घेऊन गेली.

काल रात्री साडेअकराला मेसेज: “मावशी, शिरोडकरला तो नक्की आवडायचा ना??”

अगं, सिनेमा बघितलायस ना तू!

मी एवढंच विचारलं, “कितव्या पानावर आहेस?”